गरम पाण्यातला मासा धापा का टाकतो

ऐन उन्हाळ्याच्या दुपारी फिश टँकमधले मासे एकेक करून वर येतात, पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड टेकवून उभे राहतात आणि तोंडाची भराभर उघडझाप करतात. असं का होतं विचारलं, की ठरलेलं उत्तर मिळतं: गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. आणि दोन अर्ध्यांपैकी ते लहान अर्धं आहे.

आधी तेच उरकून टाकू. सोड्याची बाटली थंडगार असताना उघडली तर नुसता फुस्स आवाज येतो. तीच उन्हात तापलेली असली तर फेस हातावर येतो. थंड पाणी वायू धरून ठेवतं, तापलेलं पाणी सोडून देतं, आणि ऑक्सिजनही शेवटी वायूच. समुद्रसपाटीला, हवेशी चांगल्या घुसळलेल्या गोड्या पाण्यात ० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. १० अंशांना ११.३, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना ७.६.

शेवटचे दोन आकडे पुन्हा बघा. पाणी २० वरून ३० अंशांवर गेलं, तर ऑक्सिजन ९.१ वरून ७.६ वर आला. घट झाली साधारण सहाव्या हिश्शाची. आपण समुद्रसपाटीवरून १५०० मीटर उंचीच्या डोंगरावर गेलो तर हवेतला ऑक्सिजन आपल्यालाही जवळपास तेवढाच कमी मिळतो, आणि तिथे आपण मजेत हिंडतो. मग मासाच एवढा कासावीस का व्हावा?

कारण पाण्याबरोबर मासाही तापलेला असतो.

तापमान जसं पाण्याचं, तसं अंगाचं

माशाला आपण ‘थंड रक्ताचा प्राणी’ म्हणून मोकळे होतो. शब्द फसवा आहे. ३० अंशांच्या पाण्यातल्या माशाचं रक्त ३० अंशांचंच असतं, त्याला थंड कसं म्हणायचं? खरी गोष्ट एवढीच, की त्याला स्वतःचं तापमान राखता येत नाही. आणि ते का येत नाही हे कळलं की पुढचं बरंच सोपं होतं. माशाच्या हृदयातून निघालेलं सगळं रक्त आधी कल्ल्यांत जातं. कल्ल्यांत रक्त आणि बाहेरचं पाणी यांच्यामध्ये अत्यंत पातळ पडदा असतो, कारण ऑक्सिजन आत यायचा तर पडदा पातळच हवा. पण ऑक्सिजनला जी वाट मोकळी, ती उष्णतेला त्याहून मोकळी. स्नायूंनी कमावलेली सगळी ऊब प्रत्येक फेरीत कल्ल्यांपाशी पाण्यात निघून जाते. ट्यूनासारख्या काही समुद्री माशांनी यावर तोड काढली आहे. त्यांच्या स्नायूंत येणाऱ्या आणि जाणाऱ्या रक्तवाहिन्या इतक्या चिकटून असतात की ऊब कल्ल्यांपर्यंत पोचायच्या आतच परत वळवली जाते. आपल्या टाकीतल्या आणि तळ्यातल्या माशांकडे असं काही नाही.

आता शरीर चालतं ते रासायनिक क्रियांवर, आणि रासायनिक क्रिया तापमान वाढलं की वेग घेतात. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की सजीवांमधल्या बहुतेक क्रियांचा वेग दोन ते तीन पट होतो. डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९१४ च्या सुमाराला गोल्डफिश वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात ठेवून त्यांना किती ऑक्सिजन लागतो ते मोजलं होतं. पाणी तापवत नेलं तशी ऑक्सिजनची गरज चढत गेली, आणि सरळ रेषेत नव्हे, तर वर वर जाताना आणखी उभी होत गेली. मासा काहीही करत नसताना. नुसतं जिवंत राहण्याचा खर्च वाढत गेला.

हिशेब मांडून पाहू. समजा, स्वस्थ बसलेल्या माशाला २० अंशांना तासाला १०० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. पाणी एकदम ३० अंशांवर गेलं तर लागणार २००. एका लिटरमध्ये पूर्वी ९.१ मिलिग्रॅम होता, आता ७.६ आहे. म्हणजे कल्ल्यांवरून जवळपास २.४ पट पाणी खेळवावं लागेल. या २.४ मधला पाण्यातल्या घटीचा वाटा १.२ पटींचा, तर माशाच्या वाढलेल्या भुकेचा वाटा २ पटींचा. ‘पाण्यात ऑक्सिजन कमी’ हे उत्तर लहान अर्धं म्हटलं ते यासाठी. आवक थोडी घटते, खर्च दुप्पट होतो.

एक बारकावा सांगून ठेवतो, कारण जाणकार वाचक इथे अडवतीलच. ही दुप्पट-तिप्पट तापमान अचानक बदललं तर होते. मासा काही आठवडे हळूहळू उबदार पाण्यात मुरला, तर त्याचं शरीर जुळवून घेतं: पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध घटकांची जुळणी बदलते, विकरांचं (एन्झाइम्सचं) प्रमाण बदलतं आणि खर्च काही अंशी खाली येतो. पूर्ण खाली येत नाही. म्हणून २८ अंशांना महिनाभर राहिलेला मासा आणि सकाळी २२ वर असून दुपारी २८ वर आलेला मासा, या दोघांची स्थिती सारखी नसते. टाकीत बर्फ टाकून घाईने थंडावा करणाऱ्यांनी हे उलट बाजूनेही लक्षात घ्यावं.

पाण्यात श्वास घेणं हे मुळातच महागाचं काम

आपल्याला श्वास फुकट मिळतो असं म्हणायला हरकत नाही. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात ९. म्हणजे माशाला तीसेक पट जास्त माल चाळावा लागतो, आणि तो मालही हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड आणि कितीतरी चिकट. आपण हवा आत घेतो आणि त्याच वाटेने बाहेर सोडतो. पाण्यासारखी जड गोष्ट असं आत-बाहेर ढकलत बसणं परवडलंच नसतं. म्हणून माशात पाण्याचा रस्ता एकेरी: तोंडातून आत, कल्ल्यांवरून पुढे, कल्ल्यांच्या झाकणाखालून बाहेर.

कल्ल्यांची रचना तर थक्क करणारी आहे. त्यांच्या बारीक पापुद्र्यांमध्ये रक्त वाहतं ते पाण्याच्या उलट दिशेने. त्यामुळे बाहेर पडायला निघालेलं, ऑक्सिजन बराचसा गमावलेलं पाणीसुद्धा त्याहून गरीब अशा रक्ताला भेटतं आणि उरलासुरला ऑक्सिजन देऊन जातं. दोन्ही प्रवाह एकाच दिशेने असते तर निम्म्यावरच व्यवहार थांबला असता. या युक्तीमुळे मासा पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेऊ शकतो. आपली फुप्फुसं हवेतला जेमतेम पाव हिस्सा घेतात.

तरीही या कामावरच स्वस्थ माशाचा बराच ऑक्सिजन जातो, ढोबळमानाने दहावा हिस्सा धरा. आपल्यात हा खर्च एक-दोन टक्क्यांच्या घरात असतो. आता पाणी तापल्यावर मासा जोरजोरात कल्ले हलवू लागला, की हलवण्याचा खर्चही वाढतो. पगार वाढावा म्हणून लांबची नोकरी धरावी आणि वाढलेला पगार प्रवासातच जावा, तसा प्रकार.

गोड्या पाण्यातल्या माशाला आणखी एक भुर्दंड पडतो, आणि तो क्वचितच सांगितला जातो. त्याच्या रक्तात क्षार असतात, बाहेरच्या पाण्यात जवळजवळ नसतात. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत झिरपतं आणि क्षार सतत बाहेर निसटतात. ऑक्सिजन जास्त हवा म्हणून मासा कल्ल्यांत जास्त रक्त खेळवतो, पडद्याचा जास्तीत जास्त भाग वापरात आणतो, तेव्हा ही गळतीही वाढते. आलेलं पाणी लघवीवाटे बाहेर टाकायचं, गेलेले क्षार पुन्हा ओढून आणायचे, आणि हे सगळं ऊर्जा खर्चूनच. थंड पाण्यात गरज कमी असताना कल्ल्यांचा काही भाग राखून ठेवणं म्हणूनच माशाच्या फायद्याचं असतं.

क्रूशियन कार्प हा गोल्डफिशचा जवळचा नातेवाईक तर या बाबतीत टोकालाच गेला आहे. थंड, ऑक्सिजनने भरलेल्या पाण्यात त्याच्या कल्ल्यांचे पापुद्रे पेशींच्या थराखाली झाकलेले असतात, इतके की कल्ले जवळपास सपाट दिसतात. पाणी उबदार झालं किंवा ऑक्सिजन घटला, की तो थर काही दिवसांत विरून जातो, पापुद्रे उघडे पडतात आणि श्वासाला उपलब्ध असलेलं क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढतं. गरज नसताना दुकानाची अर्धी शटर बंद ठेवावी तसं.

हृदयाचा नंबर शेवटचा

समजा, कल्ल्यांनी आपलं काम चोख केलं. पुढे रक्त शरीरभर पोचवायचं तर हृदयाने धडधडायला हवं. पाणी तापतं तसे माशाच्या हृदयाचे ठोके वाढतात. एका मर्यादेपर्यंत. त्यानंतर ठोके आणखी वाढत नाहीत, पुढे लय चुकायला लागते.

असं का होतं, याचं एक कारण माशाच्या शरीराच्या आखणीत आहे. हृदयातून रक्त कल्ल्यांत, कल्ल्यांतून सगळ्या शरीरात आणि शरीर फिरून परत हृदयात, असा एकच फेरा. म्हणजे हृदयाच्या आतल्या पोकळीत जे रक्त येतं ते सगळ्या अवयवांनी वापरून झालेलं असतं. पुष्कळ माशांमध्ये हृदयाच्या स्नायूचा आतला, स्पंजासारखा भाग याच रक्तातून आपला ऑक्सिजन घेतो. घरातल्या सगळ्यांची पंगत उठल्यावर जे पातेल्यात उरेल त्यावर भागवणाऱ्या माणसासारखी हृदयाची गत. थंड पाण्यात पातेल्यात भरपूर उरतं, त्यामुळे तक्रार नसते. गरम पाण्यात स्नायू, यकृत, आतडी सगळेच जास्त मागतात, परतीच्या रक्तात फार थोडं शिल्लक राहतं, आणि नेमकं तेव्हाच हृदयाला सर्वांत जास्त राबायचं असतं.

ट्राउट आणि सामन यांच्यासारख्या माशांत हृदयाच्या बाहेरच्या थराला कल्ल्यांकडून थेट ताज्या रक्ताची वेगळी वाहिनी असते. तिचा किती उपयोग होतो ते कॅनडातल्या फ्रेझर नदीत दिसलं. तिथले सॉकाय सामन समुद्रातून परत येऊन नदीच्या उलट दिशेने शेकडो किलोमीटर चढतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच जातीच्या वेगवेगळ्या गटांची तुलना केली, तेव्हा ज्यांची वाट लांब आणि खडतर, त्यांची हृदयं मोठी आणि हृदयाला रक्त पुरवणारी व्यवस्थाही जास्त चांगली निघाली. नदी तापली तर कोणता गट वर पोचेल आणि कोणता वाटेत थकेल, ते अशा गोष्टींवर ठरतं.

या सगळ्याला एका चौकटीत बसवण्याचं श्रेय फ्रेड फ्राय या कॅनेडियन शास्त्रज्ञाला जातं. १९४० च्या दशकात त्यांनी साधी वजाबाकी सुचवली: मासा जास्तीत जास्त जितका ऑक्सिजन वापरू शकतो, त्यातून नुसतं जगायला लागणारा ऑक्सिजन वजा करा. जे उरतं ती माशाची शिल्लक. पोहणं, शिकार, पचन, वाढ, अंडी, रोगाशी लढणं, सगळं याच शिलकीतून. पाणी तापताना सुरुवातीला कमाल क्षमता वेगाने वाढते, म्हणून शिल्लकही वाढते. मासा चपळ होतो, खूप खातो, झपाट्याने वाढतो. मग हृदयाची मर्यादा येते आणि कमाल क्षमतेची रेघ आडवी होते, पण जगण्याचा खर्च मात्र चढतच राहतो. दोन्ही रेघा एकमेकींच्या जवळ येऊ लागतात. सॉकाय सामनच्या पिल्लांमध्ये ही शिल्लक १५ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त असते. प्रत्येक माशाच्या मरणाचं तापमान याच शिलकीवरून ठरतं का, यावर संशोधकांत अजून जोरदार वाद आहे. काही जातींत शिल्लक अगदी शेवटपर्यंत टिकलेली दिसते. पण मासा मरायच्या कितीतरी आधी खाणं का सोडतो, वाढ का थांबते, साध्या बुरशीने का आजारी पडतो, याचं उत्तर या वजाबाकीत बऱ्यापैकी मिळतं.

शिलकीची ही चढउताराची कमान जातीजातींत अर्थातच वेगवेगळ्या जागी असते. रेनबो ट्राउट १५ अंशांच्या आसपास खुशीत असतो आणि २५ च्या पुढे त्याचा जीव धोक्यात येतो. नाईल तिलापियाला २८-३० अंश मानवतात आणि १० च्या खाली तो मरतो. मरळ, मागूर, गुरामी, बेटा यांनी तर प्रश्नालाच बगल दिली आहे. त्यांच्याकडे थेट हवा घेण्याचा जादा अवयव असतो. तापलेल्या, सडक्या डबक्यात ते वर येतात, घोटभर हवा गिळतात आणि पुन्हा खाली जातात. बेटा वर येऊन हवा घेतो ते दुखण्याचं लक्षण धरू नका. गोल्डफिश तसंच करू लागला तर मात्र धरा.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण समुद्रातलं आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातल्या आइसफिशच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही. रक्त पाण्यासारखं पारदर्शक. शून्याच्या आसपासच्या त्या पाण्यात ऑक्सिजन इतका आणि गरज इतकी कमी, की नुसत्या रक्तद्रवात विरघळेल तेवढ्यावर त्यांचं भागतं. उबदार पाण्यात असा मासा टिकला नसता. ज्यांच्याकडे हिमोग्लोबिन आहे, त्यांच्यातही बहुतेक जातींत ते तापमान वाढलं की ऑक्सिजन सैल धरतं. शरीरात सोडताना ते बरं पडतं, पण कल्ल्यांत पकडताना, पाण्यातच ऑक्सिजन कमी असेल तर, अंगाशी येतं.

तळ्यातली पहाट

आतापर्यंतचे पाण्याचे आकडे ‘हवेशी चांगलं घुसळलेल्या’ पाण्याचे होते. खऱ्या तळ्यात पाणी तसं क्वचितच असतं. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात ऑक्सिजन तयार करतात, इतका की दुपारी हिरव्यागार तळ्यात तो मावेल त्याहून जास्त सापडतो. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन घेतं. मासे घेतात, तळच्या गाळातले जिवाणू घेतात, आणि पाणी गरम असेल तर हे सगळेच नेहमीपेक्षा जास्त घेतात. तापमानाचा नियम फक्त माशाला लागू नाही. म्हणून ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो सूर्य उगवायच्या जरा आधी. दुपारी मोजून ‘पाणी छान आहे’ म्हणणारा पहाटे मेलेले मासे बघून चक्रावतो. मत्स्यपालनात लिटरमागे ५ मिलिग्रॅम ही सावधगिरीची रेघ धरतात, पण ती पहाटेच्या मोजणीला लावायची. उकाडा आणि ढग एकत्र आले की धोका वाढतो: दिवसा कमाई कमी, रात्री खर्च तेवढाच.

खोल तळ्यात तर मासा कात्रीत सापडतो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहतं. दोन्ही थर मिसळत नाहीत. वरच्या थराला हवा मिळते, पण तो फार गरम. खालचा थर थंड, पण तिथे हवा पोचत नाही आणि वरून पडणारा पालापाचोळा कुजून असलेला ऑक्सिजनही संपतो. थंड पाण्याच्या माशाला मधली अरुंद पट्टी तेवढी उरते. एखाद्या वादळाने खालचं पाणी एकदम वर ढवळलं, तर तीही जाते.

हिवाळ्यात उलट बाजू दिसते. बर्फाखालच्या तळ्यात ऑक्सिजन पूर्ण संपला तरी मघाचा क्रूशियन कार्प महिनोन्महिने जगतो. ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढताना तयार होणाऱ्या आम्लाचं तो अल्कोहोल करतो आणि ते कल्ल्यांतून बाहेर सोडून देतो. हो, अल्कोहोल. हे परवडतं ते पाणी शून्याजवळ असल्यामुळे. यकृतातला ऊर्जेचा साठा तिथे थेंबाथेंबाने खर्च होतो. उबदार पाण्यात तोच बघता बघता संपला असता.

मग करायचं काय

उकाड्यात मासे वर आले की माणसाला दया येते आणि तो खाद्य टाकतो. याहून चुकीची वेळ नाही. खाल्लेलं पचवायलाच माशाचा ऑक्सिजनचा वापर बराच चढतो, पुष्कळ जातींत दुपटीपर्यंत, आणि तो काही तास चढलेला राहतो. शिलकीवर मोठा चेक फाडल्यासारखं होतं. वर, पचलेल्या प्रथिनांतून अमोनिया निघतो. पाण्याचा सामू (pH) ८ असताना १५ अंशांना अमोनियाचा सुमारे २.७ टक्के भाग विषारी रूपात असतो, २५ अंशांना ५.४ टक्के. बरोबर दुप्पट. आणि हे विष कल्ल्यांनाच इजा करतं. तेव्हा फार उकाड्याचे दोन-चार दिवस खाद्य निम्म्यावर आणा, किंवा बंद ठेवा. धडधाकट मोठ्या माशाचं त्याने काही बिघडत नाही.

एअर पंपाच्या बुडबुड्यांतून ऑक्सिजन पाण्यात मिसळतो असं वाटतं, पण बुडबुडे फार वेळ टिकत नाहीत. त्यांचा मोठा उपयोग म्हणजे तळचं पाणी वर आणून पृष्ठभाग सतत हलता ठेवणं. त्यामुळे फिल्टरचं तोंड पृष्ठभागाकडे वळवलं तरी चांगला फरक पडतो. झाकण काढून वरून पंखा सोडला तर पाणी हलतंही आणि बाष्पीभवनाने दोन-तीन अंश थंडही होतं. मात्र तापमान उतरवायचं ते सावकाश. रात्री मात्र पंप बंद करू नका. ‘आवाज होतो’ म्हणून नेमका तेव्हाच बंद करणारे बरेच असतात, आणि टाकीत झाडं भरपूर असतील तर पहाट तिथेही तळ्यासारखीच होते.

आणि एक मोजणी करून ठेवा. पाणी नेहमीच्या तापमानाला असताना, सकाळी, खाद्य देण्याआधी, शांत उभ्या असलेल्या एका माशाच्या कल्ल्यांचं झाकण मिनिटाला किती वेळा हलतं ते मोजा. तीन दिवस मोजून सरासरी काढा, तापमानासकट कागदावर लिहून टाकीला चिकटवा. उन्हाळा आला की त्याच माशाचं, त्याच वेळी पुन्हा मोजा. थर्मामीटर पाण्याचं तापमान सांगेल. त्या तापमानाची त्या माशाला काय किंमत पडते आहे, ते दोन आकड्यांमधल्या फरकावरून कळेल.